वायर माझ्या हातात आहे

आई वाचली.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. मी ते लिहिलेलंच नाही. आई अजून ट्रकच्या केबिनमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली आहे आणि तिला श्वास पुरत नाहीये.

पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्यांना भूत रात्रीच लागतं, त्यांनी इथेच थांबावं. हे भरदुपारी घडलं. लख्ख उन्हात. घाटाच्या पायथ्याशी, जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे.

ट्रक बाबांचा. ते गेल्यापासून घरामागे उभा होता. मामा अधूनमधून चालू करून त्याला खोकायला लावायचा, तेवढाच व्यायाम. त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. आसपास चाकं असलेली दुसरी वस्तू म्हणजे शेजाऱ्यांची बाबागाडी.

म्हणून ट्रक.

फाट्यावर मामाने ब्रेक मारला. डिझेलचा काटा शून्यावर होता.

उजवीकडे घाट. वर हॉस्पिटल, जवळ. पण वाटेत पंप नाही, आणि चढावर डिझेल संपलं तर गाडी वळवायलाही जागा नाही. डावीकडे सपाट रस्ता. पंप आहे, पण वळसा मोठा.

तेवढा वेळ आईकडे नव्हता.

"मामा, टाकीत काडी घालून बघ ना."

"तुझ्या बापाने चोरांच्या भीतीने टाकीच्या तोंडाला जाळी वेल्ड करून घेतलीय. चोर काही आला नाही. आपणच अडकलो."

काटा खरं बोलतोय की खोटं, एवढंच कळायला हवं होतं. बाबा असतानाही तो मधेच झोपायचा. मग बाबा वाकवलेल्या बोटाने डॅशबोर्डवर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "पोचतो." काटा उठला तरी "पोचतो." नाही उठला तरी "पोचतो."

काट्याची वायर तपासायला मामा पक्कड घेऊन टाकीखाली सरपटला. चावी चालूच ठेवली होती. मी काट्याकडे बघत बसलो.

"वायर काढली. काटा पडला का?"

"पडलेलाच आहे. अजून कुठे पडेल?"

"अक्कल पाजळू नकोस. आता गाडीच्या सांगाड्याला, चासीला टेकवतो. काटा धड असेल तर उठायला हवा."

नाही उठला.

"मामा, नाही उठत."

"म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटचं सोड, काटाच मेलाय." खालून त्याचा आवाज फाटला. "आता काय करू रे? ताई, काय करू मी?"

आईचे ओठ निळे पडत चालले होते.

आणि तेव्हा...

ठक. ठक.

डॅशबोर्डवर. माझ्या गुडघ्यासमोर.

माझे दोन्ही हात आईभोवती होते.

काटा थरथरला... आणि हळूहळू वर चढू लागला.

"मामा! उठला!"

"कसा उठेल?"

"वायर टेकवलीस ना चासीला?"



"वायर माझ्या हातात आहे," मामा म्हणाला. अगदी हळू.

काटा 'फुल'ला जाऊन टेकला. आईने डोळे न उघडताच मान हलवली. कुणाच्या तरी बोलण्याला हो म्हणावं तशी.

"हे म्हणतायत, पोचतो," ती म्हणाली.

वायर लोंबकळत ठेवून मामा वर चढला आणि गाडी उजवीकडे घातली. अख्ख्या घाटात त्याने गाडी कुठेही थांबवली नाही. हॉस्पिटलच्या फाटकात इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर मामाने टाकी उतरवली. तळ कोरडा ठणठणीत. फ्लोट तुटून कोपऱ्यात पडलेला, शेजारी एक मेलेलं झुरळ. दोघंही बरेच दिवस तिथेच असावेत.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण टाकी बसवून आम्ही ती काठोकाठ भरली. ती वायर अजूनही जोडलेली नाही. तरीही काटा 'फुल'वरून उतरतोय. चावी बंद असली तरी उतरतोय. रोज केसभर. मी काचेवर पेनाने खूण करून ठेवली होती... ती आता बरीच वर राहिलीय.

आणि आई हल्ली जिन्यात मध्येच थांबते. "काही नाही रे, दम लागला," म्हणते.

मामा म्हणतो, "नवा काटा बसवून टाकू, भाच्या." मी त्याला ट्रकला हात लावू देत नाही. रोज सकाळी मीच जाऊन दोनदा ठोकतो. "पोचतो," असंही म्हणून बघतो.

काटा हलत नाही. माझं ठोकणं त्याला चालत नसावं.

सबब, संबंधित खात्यास विनंती करण्यात येते की, अर्जदार तरुण व धडधाकट असून त्याची टाकी जवळपास भरलेली असल्याने, त्यातील निम्मा साठा अर्जदाराच्या मातोश्रींच्या काट्यावर विनाविलंब वर्ग करण्यात यावा. वायरची अडचण सांगू नये. वायर लागत नाही, हे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे.