कोंडवाड्यातली धोळी

"तलावात पैले मीच उतरीन," करुणा भावाला, जीवनला, आणि मित्र भूपेंद्रला बजावत होती. पण कोंडवाड्यापाशी येताच तिची पावले थबकली. मोकाट गुरे डांबण्याच्या त्या आवारात एक पांढरेशुभ्र गाढव उभे होते. पोट तट्ट फुगलेले.

"हे तं राजीबेनची धोळी आहे," ती जीवनला म्हणाली.

सौराष्ट्रातून मेंढ्या घेऊन आलेला राजीबेनचा डेरा अड्याळच्या वाटेवर, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांत उतरला होता. सुट्टी लागल्यापासून करुणा रोज तिथे जाई. हालारी गाढवांची ही जात आता फार थोडी उरली आहे आणि आपल्या डेऱ्यातली ही शेवटची, असे राजीबेनने तिला सांगितले होते. धोळीच्या पोटातल्या पिल्लावर त्या बाईचा सारा जीव होता.

कोंडवाड्याचे राखणदार परसराममामा खाटेवर बसून पान लावत होते.

"चंद्रभानच्या वीटभट्टीचं आहे ते. आता येऊन घेऊन जाते," मामा म्हणाले.

"भट्टीवर पांढरं गाढव तुमी कधी पायलं का, मामा?"

"गाढव मंजे गाढव. रंग पाहून काय लगन लावाचं हाये? कायले डोकं खाऊन राहिली?"

करुणाने वाद घातला नाही. तिने सायकलवाल्या भूपेंद्रला डेऱ्याकडे पिटाळले. "राजीबेनले आण, अन् सोबत एक कोकरू आणाले सांग." जीवनला तिने सरपंच मंगलाबाईंच्या घरी धाडले.

"अन् तलाव?" जीवनने तोंड वाकडे केले.

"तलाव कोठी पळून नाई जात. पळ तू."

सरपंचबाई आल्या, तेव्हा चंद्रभान दोर घेऊन दाराशीच उभा होता. "दोन वर्षांपासून माह्याच भट्टीवर राबून राहिली हे," तो छातीठोकपणे म्हणाला. कोकरू आणि त्याची झोळी घेऊन राजीबेन धापा टाकत पोचली. "मेरी है, बाई," एवढेच ती बोलू शकली.

"बाई, दोघायनं आपापलं ओझं लादून पाहावं," करुणा म्हणाली. "राजीबेन भिंतीमागं राहीन. तिचं ओझं मी लादतो."

मंगलाबाईंनी मान डोलावली.

चंद्रभानने विटांची रिकामी गोणी धोळीच्या पाठीवर टाकली मात्र, ती अशी उसळली की गोणी थेट मामांच्या पानाच्या डब्यावर जाऊन पडली.

मग करुणा कोकराला छातीशी धरून पुढे झाली. कोकरू बें बें ओरडले. धोळीचे कान वळले. तिने चारही पाय रोवले, मान खाली घातली आणि ती दगडासारखी निश्चल झाली. करुणाने पाठीवर झोळी टाकली, कोकरू आत बसवले. माशी नाकावर बसली, तरी धोळी हलली नाही. चालून थकलेली कोकरे वाहून नेणे, हेच तिचे जन्मापासूनचे काम होते.

"दोन वर्षं विटाच वायल्या ना, चंद्रभान?" मंगलाबाईंनी शांतपणे विचारले. "मंग कोकरू कोणं शिकवलं इले?"

दोर गुंडाळून चंद्रभान भट्टीच्या वाटेला लागला.

"परसरामभाऊ, न विचारता जनावर देत होते तुमी. आता पोरीनं दाखवलं तसं पाहत जा," असे बजावून बाईंनी करुणाच्या पाठीवर हात ठेवला. "नजर आहे पोरी तुले."

डेरा हलण्याआधी धोळीला पिल्लू झाले. तेही तसेच शुभ्र. राजीबेनने ते पहिल्यांदा करुणाच्याच मांडीवर ठेवले.

परसराममामा मात्र इतके सुधारले की, हरवलेली कोंबडी शोधत आलेल्या गोदावरीबाईंनाही त्यांनी गंभीरपणे विचारले, "थे सारं ठीक हाये, पण तुमची कोंबडी ओझं काय वायते?"