सातवं दुकान

मॅडमनी स्टीलच्या डब्यात हात घातला, तेव्हा ऋतुजा मनातल्या मनात एकच जप करत होती — मुलगी निघू दे, कुणीही मुलगी निघू दे!

नांदेडला संशोधन पद्धतीची कार्यशाळा होती. ठिकठिकाणच्या कॉलेजांतली एम.बी.ए.ची पोरं जमलेली. नमुना निवडताना आपली आवडनिवड चालत नाही, हे पोरांच्या डोक्यात घुसावं म्हणून मॅडमनी जोड्याही चिठ्ठ्या टाकूनच लावायच्या ठरवल्या होत्या. प्रत्येक जोडीनं पुढं मिळून एक सर्वेक्षण करायचं होतं.

"ऋतुजाबरोबर... आनंदराज सोनकांबळे."

शेवटच्या बाकावरून एक उंच, सावळा मुलगा उठला. कपाळावरचे केस पावसानं ओले होते. तो तिच्या शेजारी येऊन बसला, आणि ऋतुजानं आपली बॅग दोघांच्या मध्ये ठेवली. भिंतच घातली म्हणा ना!

"तुला आकडेवारीची भीती वाटते का माझी?" त्यानं हळूच विचारलं.

"दोन्हीची," ती म्हणाली. खरं तेच तोंडातून निघून गेलं. तो हसला, आणि तिनं पटकन खिडकीबाहेर बघितलं.

सर्वेक्षणाचं गाव ठरवणारी दुसरी चिठ्ठी तर साक्षात वैरीण निघाली. निलंगा! म्हणजे ऋतुजाचं स्वतःचं गाव. तिथल्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, हणमंतरावांचं, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. गावातलं पोरगं न पोरगं तिला ओळखत होतं.

भीती उगाच नव्हती. तिची चुलत बहीण सिंधु लातूरला शिकायला होती. रसवंतीत एका मुलाबरोबर रस पिताना कुणीतरी तिला पाहिलं. बातमी तिच्याआधी घरी पोचली, शिक्षण तिथंच थांबलं आणि दिवाळीच्या आत लग्न उरकलं. ऋतुजाला लातूरच्या हॉस्टेलला सोडताना आई एवढंच म्हणाली होती, "बाई, तुझं नाव कुणी काढलं तर मी काही करू शकणार न्हाई." त्यामुळं कार्यशाळेहून परतल्यावर ऋतुजानं घरी सांगून टाकलं की जोडीदार रूपाली नावाची मुलगी आहे. मोबाईलमध्ये आनंदराजचा नंबरही रूपाली म्हणूनच साठवला.

रविवारी आनंदराज नांदेडहून लातूरला यायचा. दोघं बसस्थानकाच्या कँटीनमध्ये बसायचे. ती जागा ऋतुजानं फार विचार करून निवडली होती. तिथं सगळेच गाडीची वाट बघत असतात, कोण कुणाबरोबर बसलंय हे कोण विचारतो? तरीही ती बॅग मांडीवर घट्ट धरून बसायची, ओळखीचं कुणी दिसलंच तर उठून पहिल्या गाडीत चढता यावं म्हणून.

"आता परिकल्पना," तो म्हणायचा. "आधी असं धरून चालायचं, की दोन गोष्टींत काहीच संबंध न्हाई."

"आणि असला तर?"

"तर पुरावा लागतो... भरपूर." आणि तो तिच्याकडं असा बघायचा, की तिला कपातला चहा दिसेनासा व्हायचा.

"सहसंबंध सांग," ती घाईनं म्हणायची.

"सोपं हाय. मी लातूरला आलो, की पाऊस येतो. दर रविवारी. हा झाला सहसंबंध. पण पाऊस माझ्यामुळं येतो, असं म्हणता येत न्हाई."

"मग कुणामुळं येतो?"

"तेच तर शोधून राहिलो," तो म्हणाला. बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडत होता. ऋतुजाला हसू आलं आणि त्याच क्षणी दारात कुणाचा तरी पांढरा सदरा दिसला. बाबा! नव्हते ते, दुसरेच कुणी होते. पण तोवर तिनं बॅग खांद्याला लावलीही होती. प्रेमात पडल्यावर म्हणे पोटात गुदगुल्या होतात. हिच्या पोटात नुसता गोळा यायचा, आणि तो भीतीचा की कसला, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं.

ठरलं ते असं. ऑनलाइन खरेदीचा गावच्या दुकानदारीवर काय परिणाम झाला, हे विचारायचं. बाजारपेठेच्या एका टोकापासून निघायचं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं मोजत जायचं आणि दर सातवं दुकान घ्यायचं. पडेल ते दुकान, बदलायचं नाही. हॉस्टेलच्या खाटेवर पडून ऋतुजानं डोळे मिटले आणि आख्खी बाजारपेठ मनात चालून काढली. मोजणीच्या तिसऱ्या फेरीत बाबांचं दुकान सहावं येत होतं. सुटलो! म्हणून ती त्या टोकापासून सुरुवात करायला कबूल झाली. शहाणपणच ते, पण अर्धवट.

शनिवारी दोघं निलंग्याला उतरले. घरी तिनं कळवलं नव्हतं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. स्कूटीवरच्या पोरी गुंडाळतात तसा तिनं स्कार्फ गुंडाळला, फक्त डोळे उघडे. भांड्यांचं दुकान झालं, कापडाचं झालं. प्रश्न तोच विचारत होता, ती मुकाट्यानं उत्तरं लिहून घेत होती.

"बरं हाय हे," रस्त्यात तो पुटपुटला. "दिवसभर नुसते डोळे बघायला मिळतात."

"गप... लोक बघतात."

"लोकांना काय दिसून राहिलंय? मलाच दिसतंय."

ती स्कार्फच्या आत लाजली. मग मोजत मोजत दोघं पुढं सरकले. चार... पाच... सहा. ऋतुजा थांबली. गेल्या महिन्यात बाबांच्या समोरच्या धोंडाबाईनं आपल्या जुन्या दुकानात मधे भिंत घालून दोन दुकानं केली होती — एक बांगड्यांचं, एक मोबाईलच्या कव्हरांचं. एकाची दोन झाली आणि गणित एकानं सरकलं. सातवी पाटी समोर होती, आणि पाटीखाली गल्ल्यावर बाबा बसले होते.

तिनं आनंदराजला ओढतच धोंडाबाईच्या बांगड्यांच्या आडोशाला नेलं.

"ते माझे बाबा आहेत. हे सोडू. पुढचं घेऊ... मॅडमना काय कळतंय?"

"मॅडमना न्हाई कळणार. आपल्याला कळंल ना." त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं स्कार्फ पार डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. "बरं, तू इथंच थांब. मी एकटा जातो."

"ते नाव विचारतील."

"सांगंन की."

"आडनाव विचारतील. आमच्याकडं पहिलं तेच विचारतात." तिनं दुकानाकडं चोरून बघितलं. "दुसरं सांग ना काहीतरी. एवढ्यापुरतंच."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो चिडला नाही.

"ऋतुजा, आमच्या घरात नाव सांगताना कुणी आवाज खाली करत न्हाई. माझी आजी, नागुबाई, तिला सही येत न्हाई, पण नाव सांगती ते चारचौघांना ऐकू जाईल असं. मी तुझ्यासाठी लई काही करीन. हे न्हाई करणार."

तो वळला आणि रस्ता ओलांडून गेला. ऋतुजाला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिला रडूच यायला लागलं. पण रडायलाही वेळ नव्हता. रस्ता अरुंद होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"बसा, बसा," बाबा म्हणत होते. "पाणी घ्या. तुमचे प्रश्न मागून, आधी माझे. गाव कोणतं?"

"शिरूर अनंतपाळच्या जवळ हाय, काका."

"आणि आडनाव?"

"सोनकांबळे. आनंदराज लिंबाजी सोनकांबळे."

धोंडाबाईनंही मान वर केली, इतकं ते स्पष्ट होतं. बाबांनी त्याला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बरं. एकटेच फिरून राहिले का?"

आता संपलं सगळं! ऋतुजानं बांगड्यांच्या स्टँडची दांडी घट्ट पकडली.

"न्हाई, सोबत एकजण हाय," आनंदराज म्हणाला. "त्यांना बरं वाटून न्हाई राहिलं. भाईर थांबल्यात."

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं होतं, तिचं मात्र सांगितलं नव्हतं. तिनं जे मागितलं त्याला नाही म्हणूनसुद्धा तो तिला सांभाळत होता. तिनं तिथंच थांबायचं होतं, बस्स. तो परत आला असता, संध्याकाळची गाडी मिळाली असती, कुणाला काही कळलं नसतं. पण मग त्याच्या तोंडाकडं ती पुन्हा कशी बघणार होती?

तिनं रस्ता ओलांडला. दुकानाची पायरी चढली. स्कार्फची गाठ सुटता सुटेना. शेवटी तिनं तो तसाच खाली ओढला.

"बाबा... मी आहे सोबत."

हणमंतराव तिच्याकडं बघतच राहिले. मग उठले आणि त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. दुकानात अंधारलं. ऋतुजाच्या मनात सिंधुचं लग्न आलं, मांडवात खाली मान घालून बसलेली सिंधु.

"रूपाली कुठं हाय?"

"रूपाली नाही कुणी. हाच आहे. पहिल्यापासून."

बाबांनी कपाळ चोळलं. "वर्गातला हाय म्हण," ते हळू आवाजात म्हणाले. "कामापुरता हाय म्हण. एवढंच म्हण आणि जा लातूरला. मी काही पाहिलं न्हाई."

सुटकेचं दार उघडं होतं. एक 'हो' म्हटलं की झालं. शिक्षण, हॉस्टेल, रविवार... सगळं वाचणार होतं.

"कामापुरता नाही, बाबा. मला हा आवडतो."

बाहेरून एक जीप हॉर्न वाजवत गेली.

"ह्याला म्हाईत हाय का?" बाबांनी विचारलं.

"नाही... आत्ताच कळलं त्याला."

हणमंतराव आनंदराजकडं वळले. तो खुर्चीवरून कधी उठला होता, त्यालाही ठाऊक नसावं. "काय रे?"

"काका..." त्याचा आवाजही आता कापत होता. नाव सांगताना कापला नव्हता. "मी दर रविवारी नांदेडहून लातूरला येतो. एका प्रश्नावलीला इतके रविवार लागत न्हाईत."

ऋतुजानं त्याच्याकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. त्या भीतीतसुद्धा तिला ते किती आवडले, काय सांगायचं!

हणमंतराव खाली बसले.

"सिंधुला घरी आणा म्हणणाऱ्यांत मी पण होतो," ते म्हणाले. "पोरगी तेव्हापासून आजवर माझ्याशी एक शब्द बोललेली न्हाई. तिच्या घरी गेलो की पाणी देती, पण बोलत न्हाई. मला भ्या वाटतं, ऋतू. भावकीचं वाटतं, गावाचं वाटतं. तुमच्या दोघांच्या जिवाचं तर लई वाटतं. लग्नाबिग्नाचं आज मला काही विचारू नका, माझ्याजवळ उत्तर न्हाई. पण तू माझ्याशी बोलायची बंद झालीस, तर मी कुठं जाऊ?"

ऋतुजाचे डोळे भरून आले. "मी आज घरी येते, बाबा. आईला मीच सांगते."

"ये. आणि सोमवारच्या सकाळच्या गाडीनं लातूरला जा. शिक्षण थांबायचं न्हाई." मग ते आनंदराजकडं न बघता म्हणाले, "आणि तुम्ही. सवालजवाब राहिले ना तुमचे? न विचारता जाता काय?"

आनंदराज पुढं झाला. पण बाबांनी हातानं थांबवलं. "तिला विचारू द्या. काय शिकून राहिली, बघू तरी."

ते उठले. शटरला हात घालून त्यांनी ते पार वरपर्यंत ढकललं. दुकानात लख्ख उजेड आला. समोर धोंडाबाई, शेजारचा दुकानदार, रस्त्यावरची माणसं, सगळे इकडंच बघत होते. ऋतुजा दुसऱ्या खुर्चीवर बसली. चेहरा उघडा, मान वर. भीती गेली नव्हती. तिनं पहिला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला आवाज फुटेना.

तेव्हा आनंदराजनं, सगळ्या बाजारासमोर, आपली खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी आणून ठेवली.