फाटकावर सोनईचा नाथा

पटत नसेल तर इथेच थांबा. हे माझ्यासमोर घडलंय. यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

मिरजगावच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, आमचं पत्र्याचं चर्च. गेल्या मे महिन्यातला मंगळवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

पास्टर प्रभुदास माझे सख्खे मामा. कारगिल लढून आलेला माणूस. फौज सुटली, सवय सुटली नाही. प्रार्थनेला कोणीही आलं की फाटकावर दरडावणार, "थम. कौन आता है?"

आपण म्हणायचं, "हालेलुया." मग कडी निघायची. पोरंटोरं तर त्यासाठीच यायची.

त्या दिवशी सगळे आत बसले होते. मी हार्मोनियमची पेटी उघडत होतो.

बाहेर खडीवर पावलं वाजली…

मामा फाटकाशी गेले. मी मागोमाग.

"थम. कौन आता है?"

"…………"

हे ठिपके चुकून पडलेले नाहीत. उत्तर मला ऐकू आलं नाही. मामांना आलं. म्हणून तेवढी जागा सोडतोय.

रातकिडे गप्प झाले. हायवेवरच्या ट्रकचा आवाजही… नव्हता.

फाटकापलीकडे कोणी नव्हतं. मामांनी कडी काढली नाही.

बुधवार. सात दहा. पावलं.

"थम. कौन आता है?"

"…………"

गुरुवार. मामांनी विचारलंच नाही. पावलं थांबली.

परत गेली नाहीत.

शुक्रवार. प्रार्थनेला मी, रोझीमामी आणि रिकामी बाकं.

शनिवारी दुपारी चर्चची कमिटी मामांच्या घरी आली. पुढे दगडाबाई. मंडळीतली सगळ्यात म्हातारी, आणि जीभ म्हणजे विळा.

"पास्टर, ते भूत काढा. न्हाईतर तुमी निघा. नगरहून दुसरा पास्टर बोलवू. त्यो तासाभरात काढतो म्हनं."

"तासाभरात तर माझं जेवन बी उरकत न्हाई," मामा म्हणाले.

कोणी हसलं नाही.

मग मामांनी सांगितलं. रोझीमामीलाही पंचवीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं, ते.

"सोनईचा नाथा. माझ्याच पोस्टवरचा. पानी आनायला खाली गेल्ता. तो येईस्तोवर परवलीचा शब्द बदलला. पहाऱ्यावर मी. धुकं लई. इचारलं, कौन आता है. त्यानं जुना शब्द सांगितला."

पंखा फिरत होता.

"मी गोळी झाडली. चौकशीत मी बरोबर ठरलो."

रोझीमामी उठून आत गेली.

"आता फाटकावर येतोय. तोच जुना शब्द सांगतोय."

"मंग येशूच्या नावानं हाकला की त्याला," दगडाबाई म्हणाली.

"एकदा नियमाच्या नावानं पाडला. आता येशूच्या नावानं पाडू? न्हाई जमायचं. चर्चची किल्ली उद्या घेऊन जा. पन नाथा आत येनार."

"त्यो आपल्यातला तरी हाय का?"

"माझ्यातला हाय."

दगडाबाईने विचारलं, "त्याच्या आईला म्हाईत हाय?"

"न्हाई." मामांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तिला वाटतं दुश्मनाची गोळी. सोमवारी जानार हाय सोनईला. सांगायला."

त्याच संध्याकाळी. सात दहा. पावलं…

"थम. कौन आता है?"

"…………"

मामांनी कडी काढली. फाटक पुरतं उघडलं.

"शब्द बरोबर हाय. ये."

पावलं माझ्या उजव्या हाताशेजारून गेली. पत्रा दिवसभर तापलेला, अंगाला घामाच्या धारा. तो हात मात्र खांद्यापर्यंत… बर्फ.

शेवटच्या बाकापाशी आवाज थांबला.

रविवारी अख्खी मंडळी आली. काही उपासनेला, बरेच तमाशा बघायला. शेवटचं बाक सोडून सगळी बाकं भरली. दगडाबाई सगळ्यांच्या मागून आली. किल्ली मागायचं काम तिचंच होतं. ती चालत शेवटच्या बाकापाशी आली आणि थांबली. मामा पुढून बघत होते.

तिने पदर खोचला.

"सरक रं बाबा जरा," ती म्हणाली.

बाकावर गाण्यांचं पुस्तक होतं. ते… टोकाला सरकलं.

ती बसली. किल्लीचं नाव कोणी काढलं नाही.

सोमवारी मामा सोनईला जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पेटी मी वाजवतो, त्यामुळे माझं तोंड मंडळीकडे असतं. पण गाणं सुरू झालं की मी शेवटच्या बाकाकडे बघत नाही. त्या रविवारी बघितलं होतं. दगडाबाई पुस्तक उघडून, शेजाऱ्याला दिसेल असं धरून बसली होती. तिला स्वतःला वाचता येत नाही. तिचे दोन्ही हात पुस्तकाच्या खाली होते.

आणि कडवं संपलं की, बरोबर तेव्हाच, पान उलटत होतं…