दोन स्वल्पविरामांमधली रिकामी जागा

ही घटना खरी आहे. उरणच्या त्या कंटेनर यार्डातल्या माणसांना विचारा; ती नजर चुकवतील, पण नाही म्हणणार नाहीत.

गेल्या भाद्रपदातली अमावास्या. दिवेलागणीची वेळ.

यार्डाचे मोबाईल ॲप केतनने लिहिले होते. प्रत्येक गाडीकडून एक ओळ येई: नंबर, ड्रायव्हर, क्लीनर, जागा. स्वल्पविराम दिसेल तिथे ॲप ती ओळ तोडी आणि एकेक तुकडा मोठ्याने वाचून दाखवी.

क्लीनरचा तुकडा मात्र रिकामाच ठेवायचा, हा मालक हिरामणशेठचा हुकूम. नाव नाही, म्हणजे जबाबदारी नाही.

केतनचा मामेभाऊ अल्पेश तिथेच क्लीनर होता. गाडी मागे घेताना पत्र्यावर थापा मारत तो हाकारे, "आन दे... आन दे..." आणि नेमक्या क्षणी, "बस!"

चार दिवसांपूर्वी अशाच मागे येणाऱ्या एका गाडीखाली तो गेला.

"गाडीवर क्लीनर नव्हताच," शेठ ऑफिसातल्या टेबलामागून म्हणाला. "भटकत आलं असंल पोरगं. तुझ्याच ॲपात बघ ना, रिकामं हाय!"

केतन मितभाषी. पण त्या संध्याकाळी त्याच्या मुठी वळल्या होत्या.

"मामा एवढंच मागतो, शेठ. पोरगा कामावर असताना गेला, असं पोलिसांत सांगा."

"न्हाय सांगत. काय करशील?"

टेबलावरचा मोबाईल वाजला.

ओळ आली होती... त्याच गाडीची. अपघातापासून ती कोपऱ्यात उभी होती. बॅटरीही काढलेली.

ॲपने नंबर वाचला. मग ड्रायव्हरचे नाव, धर्मा.

धर्मा तर ऑफिसच्या दारात उभा होता.

पुढचा तुकडा रिकामा. ॲपने तो ओलांडायला हवा होता.

ते थांबले...

त्या शांततेत कोणीतरी श्वास घेतला.

आणि बाहेर... थाप. पुन्हा थाप.

"आन दे... आन दे..."

गाडी मागे येत होती. इंजिनाचा आवाज नाही. फक्त खडीवर फिरणारी चाके. सरळ ऑफिसच्या भिंतीकडे.

"अल्पेश, बस कर रं बाला!" धर्मा ओरडला.

"आन दे..."

भिंतीचा गिलावा ढासळला. भिंत आणि टेबल यांच्यामध्ये शेठ चेपू लागला.

"होता! अल्पेश होता गाडीवर! मीच नाव टाकू दिलं न्हाय!"

"बस."

चाके थांबली.

शेठने सकाळीच पोलिसांत तसा जबाब दिला. गाडी भंगारात गेली.

केतनला मात्र अजून झोप लागत नाही. कारण नंतर धर्मा त्याला म्हणाला, "पयलं मलाबी अल्पेशच वाटला, पन त्याचा आवाज मी वलखतो, केतन. ते 'आन दे' तुझ्या गल्यातून येत होतं."

केतनला खात्री आहे, त्याने तोंड उघडलेच नव्हते.

"आणि 'बस'?" त्याने विचारले.

धर्माने गाडी उभी असायची त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिले.

"तो अल्पेश होता."