फक्त पाट्या गेल्यात

खोटंच सांगायचं असतं, तर यापेक्षा झकास सांगितलं असतं. लोकांना टोप्या घालण्यात माझी हयात गेली. पण ही घटना खरी आहे. गेल्या शुक्रवारची. दुपारचा शो, पडदा नंबर तीन.

सुरुवात झाली बिल्डिंगच्या गेटवर. समोरचा टेलर पिक्चर बघून आला होता. डोळे कोटाच्या बटणाएवढे.

"मिशीवाल्या, फाटली रे माझी! आणि सगळं खरं. पहिल्याच पाटीत लिहिलंय, सत्य घटनेवर आधारित."

"तुझ्या पाटीवरही लिहिलंय, कपडे वेळेवर मिळतील."

सगळे खिदळले. टेलर पेटला.

"दात काढ! पण त्यात जो टॉर्चवाला दारं लावून माणसं जाळतो ना... तो तुझा मामा!"

माझं हसू तिथेच थांबलं.

माझा सख्खा मामा जुन्या टॉकीजमध्ये टॉर्चवाला होता. आग लागली तेव्हा अंधारातून एकेका रांगेला बाहेर काढत होता. शेवटच्या फेरीला आत गेला...

आलाच नाही. मागच्या रांगाही आल्या नाहीत.

आता त्याच जागेवर चकाचक मल्टिप्लेक्स आहे. हा पिक्चर तिथेच लागला होता.

पैज लागली. शेवटच्या पाटीपर्यंत मी खुर्चीतून उठायचं नाही. बसलो, तर टेलरनं गेटवर ओरडायचं, "मामा निर्दोष!" उठलो, तर माझी लग्नाआधीपासूनची मिशी गेटवर, सगळ्यांसमोर, साफ.

आता पिक्चरबद्दल. मी जन्माचा पिक्चरवेडा. भलेभले पडेल पिक्चर पचवलेत. पण हा म्हणजे शिळ्या कढीला ऊत. हिरो तपास करतो म्हणजे काय, तर गॉगल काढतो. मग घालतो. व्हायोलिन वाजलं की आपण घाबरायचं. थांबलं की अजून घाबरायचं. आणि सत्य घटना? हिरोईनच्या भुवया तेवढ्या खऱ्या होत्या, त्याचीही खात्री नाही.

आणि मामा! पडद्यावरचा मामा हनुवटीखाली टॉर्च धरून दात विचकतो. लोकांच्या तोंडावर उजेड मारतो.

अरे गाढवांनो, टॉर्चवाला तोंडावर उजेड कधीच मारत नाही. पायाशी मारतो. मग खुर्चीच्या पाठीवर टक टक. आणि उशिरा आलेल्याच्या कानात हळूच, "घाई नको. फक्त पाट्या गेल्यात." अर्धा पिक्चर संपला असला तरी मामा हेच सांगायचा. माणूस निवांत व्हायचा.

मला लहानपणी बजावून ठेवलं होतं त्यानं, "उजेड पायाशी आला की प्रश्न नाही. उठायचं आणि मागून यायचं."

हॉलमध्ये आम्ही दोघंच. मी मधे, आणि शेवटच्या रांगेत पहाऱ्याला टेलर.

आगीचा सीन आला. पडद्यावरच्या मामानं दाराला कुलूप घातलं. मी खो खो हसलो.

हसणं संपलं, आणि...

टक... टक.

माझ्याच खुर्चीच्या पाठीवर.

टेलरचा चावटपणा म्हणून मागे वळलो. टेलर लांब कोपऱ्यात होता. तोंडावर रुमाल.

पुढे वळलो...

पायाशी उजेडाचा गोळा. पिवळट. सेल संपत आल्यासारखा.

टॉर्च नव्हता. हात नव्हता.

आणि कानाशी...

"घाई नको. फक्त पाट्या गेल्यात."

मी उठलो. पैज, मिशी, काही आठवलं नाही. उजेड पुढे, मी मागे. दार ढकललं, बाहेर आलो.

उजेड नव्हता.

दारावरची मुलगी म्हणाली, "काका, पिक्चर चालू आहे अजून."

"तुमच्याकडे टॉर्चवाला आहे?"

"टॉर्च कशाला? पायऱ्यांनाच लाइट आहेत की."

मागोमाग टेलर आला. चेहरा पांढराफटक.

"जिंकलास बाबा," मी म्हणालो.

"ते सगळे कुठे गेले?"

"कोण सगळे?"

"तुझ्या मागून निघाले ते. माझ्या पुढच्या रांगांतून उठत होते... एकेक करून... पुढच्याचा खांदा धरून..."

मी बंद दाराकडे बघितलं.

"मेल्या, तुझी काही लबाडी असेल तर आत्ता सांग!"

लबाडी असती तर किती बरं झालं असतं.

रविवारी सकाळी गेटवर गर्दी. कोपऱ्यावरचा सलूनवाला वस्तरा घेऊन हजर. माझी खुर्ची कंपाउंडच्या बुटक्या भिंतीला टेकवलेली. भिंतीवरून ऊन येत होतं. आमची ही मोबाइल रोखून उभी.

"अहो, हसा की जरा!"

तेवढ्यात टेलर पुढे आला. पैज जिंकलेला माणूस. पण हसत नव्हता.

"मामा निर्दोष!" तो ओरडला. "त्यानं दार लावलं नव्हतं!"

"मग हरलं कोण?" कुणीतरी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "चालू द्या वस्तरा."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक बाजू उतरली. सलूनवाला दुसरीकडे वळला, आणि थांबला. माझ्या डोक्यावरून मागे बघत, वैतागून म्हणाला...

"अहो मागचे, जरा सरका की. उजेड अडतोय."

शिट्ट्या बंद झाल्या.

माझ्या मागे नुसती भिंत होती, पलीकडे कुणी नाही.

त्यानं पुन्हा बघितलं. वस्तरा खिशात घातला आणि न बोलता निघून गेला.

उरलेली अर्धी मिशी काढायला तो अजून आलेला नाही.