बोडीच्या काठचा गाळ

हर्षा आणि आदेशची ओळख झाली ती चिखलात. नागपूरहून आलेली ही मुलगी आरमोरीजवळच्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठाशी लांब पाइप रोवता रोवता स्वतःच गुडघ्यापर्यंत रुतली होती. शिंगाडे तोडणाऱ्या आदेशनं डोंगा वळवला, हात पुढे केला.

"काय हरवलं मॅडम?"

"तीन हजार वर्षं," ती हसली. "गाळाच्या थरांत जुने परागकण असतात. त्या काळी पाऊस कमी झाल्यावर इथल्या लोकांनी धान सोडून कोदोसारखं कमी पाण्याचं भरड धान्य पेरलं का, ते त्यावरून कळेल."

आदेशला त्या गाळाची एक गोष्ट ठाऊक होती. तेव्हाच सांगायला हवी होती... पण ती हसली आणि गड्याची दातखीळच बसली.

मग दोन महिने रोज डोंगा, पाइप आणि गप्पा. तो शिंगाडे सोलून पुढ्यात ठेवायचा. ती बोलता बोलता सगळे फस्त करायची. गावात कुजबुज झाली, ती त्याला आवडलीही. आदेश सुखात होता, पण न सांगितलेलं मनात सलत होतं.

शेवटी नमुन्यांच्या पेट्या जीपमध्ये चढल्या. "आता यावर माझा प्रबंध उभा राहील," हर्षा म्हणाली.

"नाई राहणार," आदेश म्हणाला. "हा काठ दर उन्हाळी आटते. लोकं गाळ खनून धानाच्या बांधीत नेतात, माह्या आज्याच्या वक्तापासून. तुमचे थर... सारे उलटेपालटे आहेत."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगतलो असतो तं तुमी तवाच गेल्या असत्या."

"मग आज?"

"आज गप रायलो तं तुमच्या नावानं खोटं छापून येईल. ते मले पटलं नाई." त्यानं मान खाली घातली. "तिकडं पाळीपाशी, बांधाच्या बुडाशी, पाणी खोल आहे, कधीच आटत नाई. तिथला गाळ कोनी शिवला नाई."

हर्षाला राग आला, चांगलाच आला. तरी तिनं आपल्या सरांना फोन लावून सगळं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून... अजून दोन महिने.

"माणूस भरवशाचा आहे का?" सरांनी विचारलं.

"स्वतःचं नुकसान होत असतानाही खरं बोलतो, सर."

फोन ठेवून ती आदेशजवळ आली. "मी गेले असते तर तुझं काय नुकसान झालं असतं? नीट सांग."

"मले... तुमच्याबिगर इथी करमलं नसतं."

"हेही उशिराच सांगितलंस," ती हसली. "उतरव पेट्या."

आदेशनं पेट्या उतरवल्या. दोन महिने त्याला आता फारच थोडे वाटत होते.