तणसाच्या पेटीचा खोटा आकडा

पेटी गरम व्हायचं नावच घेईना. भंडाऱ्याचा मे महिना, दुपारी अंगणात अनवाणी पाय टाकला तर माणूस नाचायलाच लागावा असं ऊन, आणि त्या उन्हाच्या झळा खात ओसरीवर ठेवलेली पेटी आतून मात्र गारच्या गार. ही तशी आनंदाची बातमी. पण याच बातमीनं नीरजाची पुढं झोप उडाली, ती कशी ते सांगतो. ही गोष्ट अजून घडायची आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा घडेल.

पेटी नीरजानं आणि तिच्या आजोबांनी मिळून बनवली होती. आजोबा, म्हणजे डॉक्टर दौलत खोब्रागडे, आयुष्यभर उष्णतेचा अभ्यास करून निवृत्त झाले होते; निवृत्त झाले असं नुसतं म्हणायचं. धानाचं तणस (भाताचा पेंढा) दाबून त्यांनी फळ्या केल्या, वरून लाखेचा हात दिला आणि घासू नये म्हणून पेटीला गोणपाट गुंडाळलं.

हा सगळा खटाटोप सोमाजी भानारकरांसाठी होता. सोमाजी जंगलात कोसा (ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांपासून मिळणारं रेशीम) पिकवत. त्यांच्याकडची कोशाची जात आता दुसऱ्या कुणाकडंच उरली नव्हती. मागच्या साली तिची बहुतेक अंडी शहरातून जंगलात नेताना वाटेतल्या उष्म्यानं मेली. यंदा उरलीसुरली अंडी शीतगृहात होती. नेताना पेटीत पारा तीस अंशांच्या वर गेला, की संपलं. त्या जंगलात गाड्यांना आणि उडत्या यंत्रांना बंदी होती, म्हणून अंडी ठमीच्या पाठीवरून जायची होती. ठमी म्हणजे आजोबांची चार पायांची यंत्रमानव. हुशार होती, पण तिची वीज चालण्यापुरतीच पुरायची. वाटेत गारवा करायला उरायची नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की ही पेटी दिवसभर टिकेल का? तो सोडवायला पेटीची उष्णतावाहकता (पदार्थातून उष्णता किती सहज वाहते, त्याचं माप) कळायला हवी होती. तांब्याची जास्त असते, म्हणून तांब्याच्या भांड्याचा चटकन चटका बसतो. लाकडाची कमी. तणसाच्या फळीची किती, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“मग मोजायची कशी?” नीरजानं विचारलं होतं. आजोबांनी तिला वरणाचं उदाहरण दिलं. शेजारच्या काकूंचं वरण तू चाखलंस. त्यात मीठ किती, ते त्या सांगत नाहीत. तू काय करशील? घरी अंदाजानं मीठ घालून तसंच वरण करशील, चाखशील, कमी वाटलं तर चिमूटभर वाढवशील. दोन्हींची चव जुळली, की मीठ सापडलं.

त्यांनी तसंच केलं. पेटीत अंड्यांऐवजी गार पाण्याची बरणी ठेवली. बरणीत एक तापमापक, पेटीच्या बाहेरच्या अंगाला एक आणि ओसरीच्या हवेत एक. हे झालं काकूंचं वरण. दुसरं वरण शिजलं ठमीच्या डोक्यात. तिच्याकडं सदृशीकरणाची आज्ञावली (खऱ्या गोष्टीसारखी वागणारी संगणकातली नक्कल घडवणाऱ्या सूचना) होती. ठमीनं तशीच पेटी, तशीच बरणी आणि ओसरीच्या हवेच्या तापमापकावरून तसंच ऊन आकड्यांत उभं केलं. वाहकतेचा एक अंदाज धरला, बरणी कशी तापेल त्याची रेघ काढली, ती खऱ्या मोजमापाच्या रेघेवर ठेवून पाहिली. नाही जुळली. आकडा बदलला, पुन्हा रेघ. असं करत करत अखेर दोन रेघा एकमेकींवर जवळजवळ बसल्या.

ठमीनं आकडा सांगितला. तो इतका लहान होता, की पेटी दोन दिवससुद्धा टिकली असती. नीरजानं धावत जाऊन घरी उतरलेल्या सोमाजींना सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच सकाळी निघायचं ठरलं.

आजोबांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता, त्यात पदार्थांची नावं वाहकतेनुसार उतरत्या क्रमानं लिहिलेली होती. वर तांबं, मग लोखंड, वीट, लाकूड. त्यात आपली पेटी स्वतःच्या हातानं लिहायची म्हणून नीरजा पेन घेऊन स्टुलावर चढली. जागा शोधत तिचं बोट खाली खाली सरकत गेलं. शेवटची ओळ होती, ‘स्तब्ध हवा (जागची न हलणारी हवा)’. पेटीचा आकडा त्याच्याही खाली जात होता. तिला आधी अभिमान वाटला. मग ती तशीच स्टुलावर उभी राहिली.

तणसाच्या फळीत असतं काय? तणस आणि त्याच्या पोकळीत अडकलेली हवा. तणसातून उष्णता हवेपेक्षा जास्त वाहते. मग दोघांना एकत्र केल्यावर हवेपेक्षाही कमी कशी वाहील? गरम पाण्यात कोमट पाणी ओतून कधी थंडगार पाणी होतं का?

आता खरं सांगायचं, तर तिला गप्प बसावंसं वाटलं. रेघा जुळल्या होत्या. आजोबांनी मान डोलावली होती. सोमाजींची पिशवी भरून दारात तयार होती. आपल्याच पेटीला आपणच खोटं ठरवायचं, हे तिच्या जिवावर आलं. पण अंडी मेली तर? ती खाली उतरली आणि तिनं आजोबांना सांगितलं.

आजोबांनी तक्त्याची शेवटची ओळ स्वतः वाचून पाहिली. मग म्हणाले, “जुळलेली रेघ पाहून मी इतका खूश झालो, की आकड्याकडं बघितलंच नाही. ठमीचं काही चुकलं नाही, नीरू. समज, काकूंनी वरणात लिंबू पिळलं असेल आणि तुला ते माहीतच नसेल. तू चव जुळवायला मीठच कमी-जास्त करत बसशील. आकडा मिळेल, पण तो मिठाचा नसेल. इथं कुणीतरी लिंबू पिळलंय.”

मग त्यांनी पेटीच्या बाहेरच्या अंगाचं तापमान मागवलं. ते भर दुपारी मधूनमधून एकदम खाली घसरत होतं, ओसरीच्या हवेच्याही कितीतरी खाली. ऊन तर हटलं नव्हतं.

दोघांनी ओसरीवर जाऊन विचारपूस केली आणि कोडं तिथंच सुटलं. सोमाजी पाहुणे म्हणून आले होते खरे, पण रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं. दुपारभर दारावरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. घरातली सगळी आत वामकुक्षी करत असताना ते ताट्या भिजवत आणि बादलीतलं उरलेलं पाणी पेटीच्या गोणपाटावर ओतत. उन्हं उतरल्यावर नीरजा बघायला येई तेव्हा गोणपाट खडखडीत वाळलेलं असे.

“माहीच अंडी जाणार ना तिच्यात,” सोमाजी चाचरत म्हणाले. “तिले गरम होत असन म्हून पानी मारत होतो, बाई. काही चुकलं काय माहं?”

पाणी वाळताना, म्हणजे त्याचं बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन हवेत जाणं) होताना, ते गोणपाटातली उष्णता घेऊन जातं. त्यामुळं पेटीच्या बाहेर तापलेली हवा असूनही तिच्या अंगाला लागून गारवाच होता. उष्णता आत शिरायला तिथं फारशी नव्हतीच. ठमीला पाण्याचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं सगळं श्रेय तणसाला दिलं. सोमाजींचा चेहरा उतरला, तेव्हा आजोबांनी त्यांना खुर्ची दिली आणि चूक आपली आहे, आपण पहारा ठेवायला हवा होता, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीचं निघणं रहित झालं. पेटी कोरडी ठेवून पुन्हा मोजमाप झालं. या वेळी आकडा हवेच्या वर आणि लाकडाच्या खाली, बरोबर जिथं शोभावा तिथं बसला. ठमीनं त्या आकड्यावरून जंगलातला अख्खा प्रवास संगणकात करून पाहिला. ऐनाची झाडं यायच्या कितीतरी आधी आतला पारा तिशी ओलांडत होता. पहिल्या आकड्यावर विसंबून निघाले असते, तर सोमाजींनी मेलेली अंडी झाडावर बांधली असती. जाड भिंतींची पेटीही संगणकात करून पाहिली, पण तेवढं ओझं ठमीला पेलवत नव्हतं.

मग नीरजा हळूच म्हणाली, “पाणी मारल्यानं किती फरक पडतो, तेच का मोजू नये?”

आजोबांना हे फार आवडलं. दोन न माहीत गोष्टी एकाच रेघेवरून शोधायला गेलं की त्या एकमेकींच्या आड लपतात, हे त्यांनी तिला समजावलं. आता तणसाचा आकडा हातात होता, म्हणजे शोधायची गोष्ट एकच राहिली. या खेपेला गोणपाट मुद्दाम, मोजून भिजवलं आणि ठमीला तसं सांगितलं. पाण्याचा आकडा मिळाला. पुन्हा संगणकातला प्रवास झाला. वाटेत गोणपाट ओलं ठेवलं, तर पारा तिशीच्या आत राहत होता. जंगलातली हवा ओसरीपेक्षा दमट असेल, तिथं पाणी सावकाश वाळेल, म्हणून त्यांनी अंदाजात थोडी सूटही ठेवली.

पहाटे ठमी निघाली. सोबत सोमाजी, खांद्यावर पाण्याची पिशवी. नीरजा पडद्यासमोर बसली. ठमीनं काढलेली भाकिताची रेघ आधीपासूनच तिथं होती आणि खऱ्या मोजमापाची रेघ तिच्यामागून सरकत होती. दाट जंगल लागलं, संदेश येणं थांबलं आणि रेघ अर्ध्यावरच तुटली. त्या दिवशी नीरजाला जेवण गेलं नाही. संध्याकाळी ठमी उघड्या माळावर आली तेव्हा रेघेचा उरलेला भाग आला. तो भाकिताच्या थोडासा वरून गेला होता, पण तिशीला शिवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सोमाजींचा फोन आला. त्यांनी फोनचा कॅमेरा ऐनाच्या पानाजवळ धरला होता. काळ्या डोक्याच्या बारीक बारीक अळ्या पानाच्या कडेकडेनं निघाल्या होत्या. पलीकडच्या डोंगरातल्या गावांनाही अशी पेटी पाहिजे, असं ते सांगत होते. नीरजा म्हणाली, करू, पण तिथलं तणस आणि तिथली हवा आधी मोजू. सोमाजींनी मान हलवली आणि पान थोडं आणखी जवळ आणलं.

“त्या दिवशी तू गप बसली असती, बाई,” ते म्हणाले, “तं हे पान आज रिकामं राह्यलं असतं.”

एका अळीनं पानाच्या कडेचा पहिला घास तोडला आणि ती खात सुटली.